मिलवाला जावई

बपेरा
१४ जुलै १९८१

चि. घनश्याम यास रुखमाबाईचे अनेक आशीर्वाद.

परवा चिचटोल्याहून पोरगी पाहून आलो आणि तू घरात टेकलाही नाहीस, संध्याकाळच्या एसटीने सरळ तुमसरला पसार. मोठ्या बहिणीला होय-नाही काही सांगून जाशील की नाही? तिकडून पोरीच्या वडिलांचा, तेजरामजींचा निरोप आला सुद्धा. त्यांना पोरगा पसंत आहे. आता काय पाहून पसंत केला ते त्यांनाच ठाऊक, कारण त्यांनी तुझ्याकडे पाहिलंच नव्हतं.

मला तो कार्यक्रम आठवला की अजून चुलीसमोर एकटीच हसत बसते. डोळ्यांच्या साथीने सगळा जिल्हा लाल झालेला, आणि आपण निघालो पोरगी पाहायला! तेजरामजींचे डोळे कुंकवासारखे, त्यांच्या बायकोचे त्याहून भडक. त्यात माझ्या सासूबाईंनी बसमध्येच सगळ्यांना ताकीद दिलेली, "ज्याचे डोळे आले त्याच्या डोळ्यात पाह्यलं का आपले बी आले समजा. खाली पाहा, बापा, खाली!" मग काय, सारी मंडळी सारवलेल्या जमिनीकडे पाहत पोहे खात बसली. आमचे हे, म्हणजे तुझे भाटवे, तर आढ्याकडे पाहत होते. चहा कानाजवळून गेला त्यांच्या.

तेजरामजीसुद्धा बिचारे, आपल्यापायी पाहुण्यांना त्रास नको म्हणून भिंतीकडे तोंड करून बोलत होते. "पोरगा मिलमंदी हाय ना जी?" मी म्हटलं, "हो जी, तुमसरच्या राईस मिलमंदी. काट्यावर बसते, पोत्यायचं वजन घेते. उन्हात नाही, पाण्यात नाही." तर म्हणाले, "मंग झालं. मी जनम चिखलात काढला. माह्या पोरीले सावलीतला नवरा पाह्यजे होता. आमची मंदाबी काही कमी नाही. बिडी कारखान्यासाठी बिड्या घेणारा सट्टेदार तिच्या हातची एक बिडी वापस करत नाही, तंबाखू-पत्ती पयले तिलेच देते."

म्हणजे दोन्ही हात कमावते आहेत. आई-बाबांच्या माघारी तुझं हे लग्न माझ्या शब्दावर ठरतं आहे, हे ध्यानात ठेव. धान निघालं की दिवाळीनंतर साक्षगंध करून सोयरीक पक्की करू म्हणतात. तू लवकर कळव. मी स्वतः मंदाची फक्त पावलं पाहिली. पावलं छान आहेत.

तुझी बाई
रुखमा

---

तुमसर
१८ जुलै १९८१

ती. बाईस घनश्यामचा नमस्कार. टेकचंद भाटव्यांना आणि तुझ्या सासूबाईंनाही नमस्कार सांग.

पसंत आहे. मलाही पावलंच दिसली, पण मी तुझ्यापेक्षा थोडा नशीबवान, कारण पोह्याची ताटली देणारा हातही दिसला. बोटांची टोकं तंबाखूने पिवळी झालेली. तिच्याकडून एक पोहाही सांडला नाही. सांडले ते माझ्याकडून. एवढ्यावर माणूस हो म्हणतो का, असं तू विचारशील. मी म्हटलं आहे खरं.

इथली गंमत काय सांगू! निम्मा तुमसर काळे चष्मे घालून हिंडतो आहे. हवालदारही चष्म्यात आणि ज्याला तो शोधतो तोही चष्म्यात. बाजारात भाजीवाली ओरडते, "वांग्याकडे पाहा, माह्याकडे कायले पाह्यता?" काल आमच्या वर्गातला एक मित्र समोरून आला, मी गळ्यात पडलो. तो मित्र नव्हताच. पण तोही गळ्यात पडला, कारण त्यालाही मी कोणी दुसराच वाटलो होतो. मग दोघांनी मिळून चहा घेतला.

मिलचं काम जोरात चालू आहे. मान वर करायला फुरसत नाही. हे पत्र भरदुपारी तुमसर रोड स्टेशनच्या बाकावर बसून लिहितो आहे, इथे वारा छान येतो. मालगाडीचे डबे मागे-पुढे करतात ते पाहण्यात वेळ कसा जातो कळत नाही. परवा दुपारचा सिनेमाही पाहिला.

एक सांगायचं राहिलं. भाटवे बाजाराला आले तर त्यांनी मिलवर येऊ नये. सेठजींना कामाच्या वेळी पाहुणे खपत नाहीत. मला निरोप द्यावा, मीच बसस्टँडवर येईन. कधीही.

तुझा
घनश्याम

---

बपेरा
२५ जुलै १९८१

चि. घनश्याम यास,

आशीर्वाद देऊ की कान उपटू, ते अजून ठरलेलं नाही.

काल आमच्या आळीतला दादाजी, तुमच्या मिलचा हमाल, डोक्यावर वळकटी घेऊन एसटीतून उतरला. मी अंगणातून विचारलं, "काहून जी दादाजी, ऐन कामात सुट्टी?" तो म्हणाला, "कायची सुट्टी, बाई? मिलच बंद झाली ना. पयले आमी हमाल डोळे येऊन पडलो, मंग आंगणात धान पसरणाऱ्या बाया पडल्या, मंग बॉयलरवाला. सेठनं कुलूपच लावून देलं." मी म्हटलं, "आणि आमचा घनश्याम?" तर म्हणतो, "तो बी बाहेरच. स्टेशनावर बसून रायते दिवसभर."

मी तुझं पत्र काढून तुझ्या भाटव्यांना पुन्हा वाचून दाखवलं. "काम जोरात चालू आहे" इथे ते एवढे हसले की त्यांना ठसका लागला. मला मात्र हसू आलं नाही रे. सख्ख्या बहिणीला सांगायला काय झालं होतं? त्याच सकाळी मी चिचटोल्याला निरोप धाडला होता, की पोरगा कामातून मान वर करत नाही म्हणून! आता तो निरोप मी कुठल्या तोंडाने परत घेऊ?

बरं, आता दुसरं ऐक. आमच्याकडे सगळी उलटी तऱ्हा झाली आहे. धानाच्या बांध्या चिखलून तयार आहेत, पऱ्ह्यांची रोपं हातभर वाढलीत, आणि ती लावायला, रोवणीला, बाया नाहीत. घराघरांत बाया डोळ्यांवर ओली फडकी ठेवून पडल्या आहेत. तिकडे तुमसरात हात रिकामे आणि काम नाही. इकडे काम पडून आहे आणि हात नाहीत. मध्ये एक एसटी तेवढी आहे, पण ती पकडायचं कोणाच्या डोक्यात येत नाही.

आपलं रान भाटव्यांनी आधीच उरकून घेतलं म्हणून निभावलं. तेजरामजींचं फार वाईट आहे. त्यांचे पऱ्हे जून होत चालले. अजून थोडे दिवस तसेच राहिले तर लावूनही लोंबी धरणार नाहीत. धान गेलं तर साक्षगंध कशावर करतील आणि लग्न कशावर?

तर माझं म्हणणं असं आहे. तिकडे डोळे निवळून रिकामी बसलेली तुमची माणसं घे आणि चिचटोल्याला जाऊन रोवणी लावून दे. इथून दादाजी येईल. मीही कमरेला पदर खोचला होता, पण आज सकाळी उठले तर पापण्या चिकटलेल्या. हे पत्र एका डोळ्याने लिहिते आहे, ओळ वाकडी गेली असेल तर सांभाळून घे.

तुझी बाई

---

तुमसर
२९ जुलै १९८१

ती. बाईस नमस्कार.

कान उपटलेस ते बरंच झालं. का सांगितलं नाही ते एकदाच लिहितो. तू सोयऱ्यांसमोर "आमचा घनश्याम मिलमध्ये आहे" म्हणतेस ना, तेव्हा तुझी मान जरा वर होते. मी ते पाहिलं आहे. ती मान माझ्या हाताने खाली करवेना.

आता तुमसरचे समाचार. धान पसरणाऱ्या बाया आपापल्या गावी गेल्या. मुनीमजी घरी बसून नातवंडांना पाढे शिकवतात, नातवंडं रडतात. बॉयलरवाले कृष्णराव बाजारात काळे चष्मे विकतात. त्यांचा धंदा एवढा चालला आहे की मिल पुन्हा सुरू झाली तर त्यांचं कसं होईल ही चिंता त्यांना आत्ताच लागली आहे. मी भंडाऱ्याला जाऊन नोकरीसाठी नाव नोंदवावं म्हटलं. तिथे रांग होती रस्त्यापर्यंत, आणि खिडकी बंद. बाबूंचे डोळे आले होते. रांगेतल्या निम्म्या लोकांचेही आलेले. सगळे एकमेकांची पाठ पाहत तासभर उभे राहिलो आणि सगळे परत आलो.

तुझा निरोप मी स्टेशनवर सगळ्यांना सांगितला. रोवणी म्हटल्याबरोबर जो गलका झाला! "बायायचं काम आमी करावं काय?" "चिखलणी सांग, पऱ्हे उपटाले सांग, रोवणी नको सांगू!" कृष्णराव म्हणाले, "माह्या बायकोले समजलं तं दर वरसी मलेच पाठवन." मी म्हटलं, "काका, काम नाही म्हणून रडता, अन् काम आलं तं त्याले लुगडं नेसवता काय?" मग एक जण हळूच म्हणाला, "पर कोणी ओळखलं तं?" त्यावर कृष्णरावांनी आपली चष्म्यांची पेटीच उघडली. काळा चष्मा आणि वरून दुपट्टा बांधला की ज्याची त्याची आईसुद्धा त्याला ओळखणार नाही! एवढ्यावर सगळे तयार झाले.

मीही तसाच येतो आहे. तेजरामजींना कळता कामा नये. त्यांचा सावलीतला जावई त्यांच्याच बांधीत वाकलेला दिसला तर माझं काही खरं नाही. दादाजीला बजावून ठेव, कोणी विचारलं तर मी त्याचा भाचा.

तू डोळे धूत राहा आणि चिचटोल्याला येऊ नकोस.

तुझा
घनश्याम

---

तुमसर
९ ऑगस्ट १९८१

ती. बाईस नमस्कार.

तुझ्याकडे न येताच परत आलो, रागावू नकोस. दादाजीने तुला अर्धंमुर्धं सांगितलं असेल. पूर्ण मी सांगतो.

रोवणी झाली. सगळ्या बांध्या लावून झाल्या. आमच्या ओळी पाहून मंदाच्या आईला डोळे आले होते तेच बरं वाटलं असेल. पहिला दिवस तर आम्ही नुसते चिखलात बसत होतो. कंबर धरायची, हाताला पऱ्ह्याच्या पात्यांचे ओरखडे. शेवटी दादाजी म्हणाला, "गाण्याबगर रोवणी सरकत नाही जी." आणि त्याने आपल्या भसाड्या आवाजात बायांचं गाणं उचललं. बाई, आम्हा सगळ्यांना ती गाणी पाठ निघाली! लहानपणापासून धुऱ्याच्या बांधावर बसून ऐकलेली. काळे चष्मे लावलेले हमाल माहेरच्या आठवणी गात होते, आणि रस्त्याने जाणारे लोक सायकली थांबवून पाहत होते. पण हात सरकले.

तेजरामजी रोज आमच्या मागे-मागे पेंढ्या फेकत चालायचे. दादाजीचा हा भाचा त्यांना आवडला होता. दुसऱ्या दिवशी मन मोकळं करायला लागले. "आमचा होनारा जावई तुमसरच्या मिलमंदी हाय. सासऱ्याचे डोळे आले, रोवणी अडली, पर येक निरोप नाही पाठवला. सावलीतले लोक असेच रायतेत." मी वाकलेल्या वाकलेला म्हणालो, "काम असंन जी त्याले." तर म्हणतात, "तू काहून त्याचा कैवार घेऊन रायला? तू त्याच्यापेक्षा बरा हायेस." मी रोपांची एक चूड उलटी लावली.

शेवटची बांधी संपली की त्यांच्याकडे मालकाला चिखल माखतात आणि मालक जेवण घालतो. माखायला पोरांनी मलाच पुढे केलं. त्या झटापटीत माझा चष्मा गेला, दुपट्टा सुटला. तोंड उघडं, आणि समोर हातभरावर तेजरामजी! मी म्हटलं, संपलं. त्यांनी नीट पाहिलं आणि म्हणाले, "दिसाले बी बरा हायेस रे!" बाई, त्यांनी मला ओळखलंच नाही. कसे ओळखतील? त्या दिवशी भिंतीकडे पाहत होते ना! मी तीन दिवस उगाच त्या चष्म्यात घाम गाळला.

मला हसू यायला लागलं. तेवढ्यात मंदा शिदोरीची टोपली घेऊन धुऱ्यावर आली. उभी राहिली, टोपली खाली ठेवली आणि म्हणाली, "बाबा, जावयाले चिखलात काहून उभं केलं?"

तेजरामजी म्हणाले, "कोनता जावई?" ती म्हणाली, "हेच. तुमी सारे खाली पाहून रायले होते. मंग मी आरामात पाह्यलं होतं."

मी तिला तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. डोळे तिचे अजून जरासे लाल होते. हसत नव्हती, पण हसू कुठेतरी जवळच होतं. बाई, मला ती फार आवडली. हे असं बहिणीला लिहायचं नसतं, पण दुसरं कोणाला लिहू?

तेजरामजींनी विचारलं, "सुट्टी काढून आले का जी?" एकदम अहो-जाहो. हो म्हणालो असतो तर सगळं तिथेच गोड झालं असतं. जिभेवर आलंही होतं. पण ती समोर उभी होती. मी म्हणालो, "सुट्टी नाही जी. मिल बंद हाय."

ते शेतातल्या बोडीच्या पाण्यावर गेले आणि बराच वेळ हातपाय धूत बसले. जेवताना मला पाट मांडावा की सगळ्यांसोबत ओळीत बसवावं, हे त्यांना ठरवता येईना. मीच ओळीत बसलो. निघताना म्हणाले, "साक्षगंधाचं मंग पाहू."

मंग म्हणजे कधी, ते विचारायचा धीर झाला नाही. तू काही कर, बाई.

घनश्याम

---

बपेरा
२० ऑगस्ट १९८१

चि. घनश्याम यास अनेक आशीर्वाद.

माझे डोळे बरे झाले. उघडल्याबरोबर पहिलं काम तुझंच केलं. सासूबाईंना घेऊन चिचटोल्याला गेले.

तेजरामजींनी आदराने बसवलं, चहा दिला, यावेळी तोंडाकडे पाहून बोलले. पण बोलले ते कडूच. "बाई, तुमी म्हटलं होतं पोरगा कामातून मान वर करत नाही. तवा मिल बंद होती. मी पोरगी मिलवाल्याले देली होती." मी खाली पाहत बसले, आणि यावेळी साथीमुळे नाही.

मंदा आत तांदूळ निवडत होती. सूप हातात घेऊनच बाहेर आली. "बाबा, माह्यी बिडी बंद झाली ते तुमी त्यायले सांगतलं काय?"

झालं! तेजरामजी पुन्हा भिंतीकडे पाहायला लागले. प्रकार असा निघाला, की या घराचे डोळे आले तसं सट्टेदाराने यांना तंबाखू-पत्ती देणंच बंद केलं होतं. डोळे आलेल्या घरची बिडी कोण ओढेल म्हणून. आपण पोरगी पाहायला गेलो तेव्हासुद्धा त्या पोरीच्या हाताला काम नव्हतं, आणि हे आपल्याला सांगत होते की सट्टेदार पयले तिलेच देते! मंदा म्हणाली, "माह्यं काम गेलं तवा मले कोणी बेकार नाही म्हटलं. सैपाक कर म्हटलं. मंग त्यायचं गेलं तं तेच काहून बेकार? माह्यं गेलं तसंच त्यायचं गेलं."

तेव्हा माझ्या सासूबाई बशीतला चहा संपवून म्हणाल्या, "म्हंजे दोनी घरं सारकेच खोटे. मंग सोयरीक बरोबरीची हाय ना जी."

तेजरामजी हसले रे! पोट धरून हसले. मला वाटलं, जमलं. पण हसून झाल्यावर डोळे पुसत म्हणाले, "हासलो म्हणून चिखलात पोरगी नाही देत. मिल उघडू द्या. उघडली का साक्षगंध."

मी त्यांना वाईट म्हणणार नाही. परत निघताना त्यांची पावलं पाहिली. चिखल्यांनी बोटांच्या बेचक्या खाल्लेल्या. पोरीला तसं होऊ नये म्हणतात, तर त्यात काय चुकलं? पण तुझ्यासाठी जीव तुटतो. साथ आता ओसरली आहे. मिल काही जन्मभर बंद राहणार नाही. तू कुलपाकडे लक्ष ठेव.

तुझी बाई

---

साकोली
६ ऑक्टोबर १९८१

ती. बाईस घनश्यामचा नमस्कार.

वरचं गाव पाहून दचकू नकोस. मी साकोलीला आहे.

मिल उघडली. गणपतीनंतरच उघडली. मी सकाळी सगळ्यांच्या आधी फाटकाशी उभा होतो, दाढी करून. बाई, लोकांचे डोळे महिन्याभरात बरे झाले, पण काम काही सगळ्यांचं परत आलं नाही. बंद असताना सेठजींच्या लक्षात आलं म्हणे, की एवढ्या माणसांची गरज नव्हतीच. कृष्णरावांना घेतलं, कारण बॉयलर दुसऱ्या कोणाचं ऐकत नाही. हमालांपैकी निम्मे घेतले, दादाजी त्यात आहे. बायांना सांगितलं, लागलं तर बोलावू. काट्यावर सेठजींचा भाचा बसला आहे.

मुनीमजींनी मला बाजूला घेतलं. "तू हुशार हायेस, घनश्याम. तुले कुठंबी भेटन." हुशार नसतो तर ठेवलं असतं काय, हे विचारायचं मला रस्त्यात सुचलं.

तसाच इकडे आलो. इथे हमरस्ता आहे, ट्रक थांबतात, दुकानं आहेत, कचेऱ्या आहेत. एका लोखंडाच्या दुकानात माल आला की बोलावतात. माल रोज येत नाही. न येणाऱ्या दिवशी मी दुकानादुकानांतून विचारत फिरतो. माझ्यासारखे आणखी बरेच फिरत असतात. तुमसरचे, गोंदियाचे. आता आम्ही एकमेकांना ओळखायला लागलो आहोत, समोरून आलो की आधीच मान हलवून "नाही" म्हणतो. म्हणजे दुसऱ्याला त्या दुकानात जायचे कष्ट नकोत. खायला मिळतं. तब्येत चांगली आहे. काळजी करू नकोस.

पण मुद्दा दुसराच आहे. मिल उघडल्याचं चिचटोल्याला कळलं असणार. तेजरामजी शब्दाचे पक्के, ते साक्षगंधाच्या तयारीला लागले असतील. त्यांनी नारळ आणायच्या आधी तू जा आणि सांग. गोल-गोल नको, सरळ सांग. मिल उघडली, घनश्याम बाहेर राहिला. पुढे काम कधी लागेल ते त्याला माहीत नाही.

आणि मंदाला वेगळं सांग. म्हणावं, तू मोकळी आहेस. दुसरीकडे ठरलं तर मी वाईट वाटून घेणार नाही, असं लिहिणार होतो. पण आता खोटं लिहायचं नाही असं ठरवलं आहे. वाईट वाटेल. फार वाटेल. तरी सांग.

घनश्याम

---

बपेरा
१६ ऑक्टोबर १९८१

चि. घनश्याम यास खूप खूप आशीर्वाद.

तुझं पत्र आलं आणि दुसऱ्याच दिवशी मी चिचटोल्याला गेले. तू म्हणालास तसंच झालं होतं. तेजरामजी अंगणात गेरू कालवत बसले होते, भिंती रंगवायला. मला पाहून उठले, "या जी, या, मिल उघडली म्हणतेत!" मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. त्यांनी गेरूचा हात धोतराला पुसला आणि आत निघून गेले. बायको चहाचं म्हणाली, मी घेतला नाही. मंदा बिड्या पोचवायला गेली होती, तिची भेट झाली नाही. वाटभर मी रडत आले, तुला काय लिहू हे सुचत नव्हतं.

काल दुपारी दारात कोणी उभं म्हणून पाहते तर मंदा. चालत आली होती. सट्टेदाराने तिला पुन्हा पत्ती-तंबाखू सुरू केली आहे, तिच्या हातासारखा हात त्याला मिळाला नाही म्हणे. मागे थोड्या अंतरावर तेजरामजी. ते आत येईनात. तुझ्या भाटव्यांनी बोलावलं तरी चिंचेखाली उभे.

मी मंदाला बसवलं आणि तुझा निरोप सांगितला. ती म्हणाली, "वाचून दाखवा." मी वाचलं. म्हणाली, "शेवटचं पुन्हा वाचा." मी पुन्हा वाचलं. तेव्हा ती खाली पाहत होती. मग उठली आणि दारात जाऊन बापाला सगळ्या आळीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "बाबा, मी मिलले हो नव्हतं म्हटलं. त्यायले म्हटलं होतं."

सासूबाई काही बोलतील म्हणून मी त्यांच्याकडे पाहिलं, तर त्या पदराने डोळे पुसत होत्या.

तेजरामजी बराच वेळ चिंचेखालीच उभे राहिले. मग आले, ओसरीवर टेकले, पाणी मागितलं. पाणी पिऊन मला म्हणाले, "बाई, त्याले पत्र लिहा. साक्षगंधाले काम घेऊन ये असं नका लिहू. नुसतं ये म्हणा."

तर ये.

तुझी बाई
रुखमा